लढाईची मूठ

शुक्रवार, ११ जानेवारी २००२. बाभुळगाव

कापसाचा भाव पडलेलाच, तरी आज मन निवांत आहे. काहून, कोण जाणे.

सीमेवर फौज जमली तेव्हापासून बाजारात दर गाडीमागे मूठभर कापूस लढाईच्या फंडासाठी काढतात, धर्मादायासारखा. आज मापारी करीमभाईनं माझ्या गाडीतून मूठ उचलली.

मी म्हटलं, "जखमींच्या पट्टीले पाहिजे तेवढा घ्या. लढाईले नाही देत."

इंग्रजांच्या युद्धफंडाला बाबांनी नकार दिला, तेव्हा आमच्या घरची पितळी घागर जप्त झाली होती.

मागून कोणीतरी ओरडलं, "देशाले मूठभर नाही देत?"

करीमभाईनं मूठ परत माझ्या पदरात टाकली.

बरोबर केलं ना मी? शेजारच्या कमलाबाईचा पोरगा फौजेत. धास्ती होती ती तिचीच. बाजारातली गोष्ट कानावर गेली असणार, संध्याकाळी ती आलीच.

"तो मूठभर कापूस कुठी हाय?"

मी पुढं ठेवला. ती खाली बसली, सरकी काढून वाती वळू लागली.

"पोरगा घरी येईपर्यंत देवापुढं रोज एक लावीन," म्हणाली. "तूबी वळ."

कापूस मूठभरच. पोरगं यायच्या आधी वाती सरू नयेत, म्हणून मी बारीक बारीक वळत राहिले.