डॉ. हर्डीकरांनी न लिहिलेला मुद्दा

शनिवार पेठ, पुणे
४ ऑगस्ट २०२५

चि. प्रज्ञेशला सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

फोनवर आपण दोघंही दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देतो, म्हणून या विषयावर पत्रच लिहायचं ही माझी अट तू पाळलीस, बरं वाटलं. कंपनीची नोकरी सोडून डॉ. आमोद हर्डीकरांच्या लोणी काळभोरच्या संस्थेत विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावर संशोधन करायचं तू ठरवलंस. तेव्हापासून दादा, तुझा बाप, तुझा फोन उचलत नाही, आणि त्याचं मन वळावं म्हणून माणूस पारखायला तू मला धाडलंस. गेले. स्वारगेटहून बसने, उभी राहून. उभं राहावं लागल्याचा राग डॉक्टरांवर काढणार नाही.

व्याख्यान छान झालं. माझी पहिली शंका तीच. त्यांचं म्हणणं असं, की विज्ञानातलं सत्य म्हणजे वैज्ञानिकांचं एकमत. निसर्गाला त्या सभेत मत नसतं. ऐकायला गोड आहे. पण संस्कृतातलं न्यायशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, शिकताना आम्हाला आधी पूर्वपक्ष मांडायला लावत, म्हणजे समोरच्याचं म्हणणं असं सांगायचं की तोच मान डोलावेल. डॉक्टरांनी विरोधकांचं म्हणणं असं सांगितलं की हे लोक शाळा तरी कसे पास झाले असं वाटावं. शिवाय प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं. मी इतकी वर्षं संस्कृत शिकवते, पण ‘माहीत नाही’ असं न म्हणता मला एक आठवडा काढता आलेला नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. शंकेसकट लोभ आहेच.
तुझी,
शैलाआत्या

बंगळुरू
९ ऑगस्ट २०२५

आदरणीय आत्या,
सप्रेम जय भीम, वि. वि.

अहवाल वाचला. दूधवाल्याच्या चेहऱ्यावरून दुधातलं पाणी ओळखणाऱ्या बाईकडून वेगळं काही अपेक्षित नव्हतं. पण वक्ता गोड बोलतो म्हणून विधान खोटं, हा तुझ्याच शास्त्रात हेत्वाभास, म्हणजे फसवं कारण, नाही का? सरांचं विधान तपास, सरांना नको. त्यांनी परदेशात शिकवलंय, आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्यांचं दुखणं वेगळंच आहे, असं ते स्वतःच म्हणतात.

महिनाअखेरीस राजीनामा देणार आहे. घरात बाबा फक्त तुझं ऐकतात. तेवढं लक्षात ठेवून पुन्हा एकदा जाऊन ये, आणि या वेळी बसायला जागा मिळो.

तुझ्या रागाला पात्र असलेला,
प्रज्ञेश

शनिवार पेठ, पुणे
१८ ऑगस्ट २०२५

चि. प्रज्ञेशला सप्रेम जय भीम.

विधान तपास म्हणतोस. तपासलं असतं, पण त्यांची सगळी उदाहरणं भौतिकशास्त्रातली. ते मला येत नाही, आणि राग मानू नकोस, तुलाही पुरतं येत नाही. जिथे विधान तपासायची आपली ताकद नाही तिथे माणूसच बघावा लागतो. दाढ काढायला जाताना आपण दंतवैद्यक शिकून जात नाही.

काल पुन्हा गेले. त्यांचं पुस्तक आधी वाचून काढलं होतं. प्रश्नोत्तरांत उभी राहिले, आभार मानले आणि म्हटलं, की सगळ्यांचं एकमत काहीही असो, तापमापकावर ज्याचा विश्वास नाही त्यालाही ताप चढतोच, हा आपला तिसऱ्या प्रकरणातला मुद्दा मला फार पटला. तिसऱ्या प्रकरणात असलं काही नाही. कुठल्याच प्रकरणात नाही; असता तर त्यांचा सिद्धान्तच कोसळला असता. डॉक्टर हसले. इतकं बारकाईने वाचणारे वाचक हल्ली मिळत नाहीत म्हणाले, आणि त्या मुद्द्यावर बराच वेळ बोलले. चांगलं बोलले, हे त्यातलं वाईट.

त्यांच्याशी वाद घालायला विक्रम काळभोर म्हणून भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आले होते. चहाच्या वेळी त्यांनाही मी असंच एक न केलेलं विधान बहाल केलं. ते म्हणाले, की बाई, हे मी म्हटलेलं नाही, पण ज्यानं म्हटलंय त्याला एकदा भेटलं पाहिजे. त्यांचं भाषण इतकं रटाळ होतं की मला डुलकी लागली. त्यामुळे त्यांचंच खरं, असंही मी म्हणत नाही.

दादाला अजून काही सांगितलेलं नाही. आधी तू ठरव.
तुझी,
शैलाआत्या

बंगळुरू
२६ ऑगस्ट २०२५

आदरणीय आत्या,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. भर सभेत एका वयस्कर बाईंची चूक काढायची नाही म्हणून सरांनी तो मुद्दा आपला मानून घेतला असेल, असं मला वाटलं. (वयस्कर हा शब्द सरांच्या वतीने.) म्हणून त्यांना व्हिडिओ कॉलवर एकटं गाठलं आणि सरळ सांगितलं, की आत्याचा मुद्दा तुमच्या पुस्तकात नाही, तिची गल्लत झाली.

सर म्हणाले, की तो पुढच्या पुस्तकात आहे, फार पूर्वीच सुचलेला. त्या बाईंनी माझ्या एखाद्या जुन्या व्याख्यानात ऐकला असणार. मग तुमच्या सिद्धान्ताचं काय, असं मी विचारलं. तेवढ्यात त्यांचं नेट गेलं. अजून आलेलं नाही.

राजीनामा पाठवलेला नाही. राग आलाय, आणि तुझाच जास्त. संशोधन करायचंच आहे, पण कुणाकडे ते माहीत नाही. ‘माहीत नाही’ असं लिहून पाहिलं, जमतं.

एक आठवलं. सातवीत शाळेच्या प्रदर्शनात माझं पाण्याचं घड्याळ फसलं होतं. तेव्हा फसलेलंच मांड आणि का फसलं ते खाली लिही, असं तू मला सांगितलं होतंस. हे सगळं वेड तिथूनच सुरू झालं. त्याबद्दल आभार.

तुझा,
प्रज्ञेश

शनिवार पेठ, पुणे
१ सप्टेंबर २०२५

चि. प्रज्ञेशला सप्रेम जय भीम.

आभार परत पाठवते आहे. ते मी म्हटलेलं नाही. तू सातवीत होतास तेव्हा मी नागपूरला शिकवत होते. ते घड्याळ मी पाहिलंसुद्धा नाही. ते दादा म्हणाला होता. पोरानं खरंच तसं लिहिलं, हे त्यानंतर तो मला कितीदा सांगत होता.

तू खरंच विसरलास की माझीच परीक्षा घेतलीस, ते मला सांगू नकोस. कुठलंही उत्तर आलं तरी माझा त्यावर विश्वास बसणार नाही.

तो फोन उचलत नाही, तर त्याला पत्र लिही. आधी घड्याळाचं लिही, नोकरीचं खाली. पाकीट माझ्याकडे पाठव. मी स्वतः नेऊन देईन, आणि तो वाचून होईपर्यंत समोरून उठणार नाही.

लोभ आहे तसाच आहे. तो मात्र तपासत बसू नकोस.
तुझी,
शैलाआत्या