उजवी बाही

प्रिय दादा,

तुझं पत्र आणि नवा कोट, दोन्ही बबडीने काल हातात दिलं. पोटच्या पोरीच्या हाती असलं बंद पाकीट पाठवायची हिंमत तुझीच! कोट नेहमीसारखा झकास. खांदे फिट, कंबर फिट, आणि उजवी बाही दोन इंच लांब. गेली बावीस वर्षं तू ती न चुकता लांब ठेवतोस, माझा हात कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. मापाला पक्का आहेस हो, मानलं तुला.

तुझ्या दुकानात मी काजं करत बसायचे, आठवतं? गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की तू मागून कोट चिमटीत धरायचास आणि म्हणायचास, एकदम फिट! मागचा झोळ त्याला कधी दिसलाच नाही. मी हसू दाबत बसायचे. लाडका होतास रे तू माझा, खोटं कशाला बोलू. मला पहिल्यांदा फिट आली, तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन तूच बसला होतास. मी डोळे उघडले तर तू रडत होतास.

मग लाँड्रीत जागा निघाली. त्यांना डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं होतं आणि त्या डॉक्टरचे सूट तूच शिवायचास. मला न तपासताच त्याने कागदावर फिट लिहून दिलं. मी घाबरले, तर म्हणालास, काही होत नाही गं, तोंड बंद ठेव म्हणजे झालं. सात महिने ठेवलं. आठव्या महिन्यात वाफेच्या प्रेसपाशी फिट आली. पाय पेडलवरच अडकला, प्रेसची तापलेली पाटी खाली आली आणि हात आत राहिला. दवाखान्यात तू मुकादमाला सांगितलंस की पोरगी पहिल्यापासूनच वेंधळी आहे. पडद्याआडून मी ते ऐकलं, दादा. तुला हे आजवर सांगितलं नव्हतं.

आता तू लिहितोस, बबडीला तू अजून कामाला आहेस त्याच लाँड्रीत, प्रेसवर कुठेतरी फिट कर. आणि खाली बारीक अक्षरात, तिलाही फिट येते, पण आम्ही तिला नुसती चक्कर म्हणून सांगितलंय, तू काही बोलू नकोस. शाब्बास! लाज कशी वाटली नाही रे?

बबडी प्रेसवर जाणार नाही. उद्या मी तिला डॉक्टरकडे नेतेय, तुझ्या गिऱ्हाइकांपैकी नसलेल्या. तुझं पत्र मी तिला दाखवलं नाही, शब्दही बोलले नाही. पण माझ्या हाताने पेन धरवत नाही, हे तुला ठाऊक आहे. एरवी शेजारच्या बाई लिहून देतात. आजचं अक्षर कुणाचं ते तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. मी सांगत गेले, बबडी लिहीत गेली. मापाला पक्का म्हटलं तेव्हा हसलीसुद्धा. चक्कर या शब्दापाशी शाई पसरलीय, तिथे ती थांबली होती. मी दुष्टपणा केला, कळतंय मला. पण ते तिला तुझ्या तोंडून कधीच कळलं नसतं. बाबांना काय लिहायचं ते लिही म्हणून खालचं अर्धं पान तिच्यासाठी सोडलंय. ती म्हणतेय, ते कोरंच पाठव.

तुझीच,
वेंधळी बहीण