खिंडीतल्या अकरा गाड्या

४ मे

नवी नोकरी, म्हणून नवी वही. पंधरा वर्षं बस डेपोत बॅटऱ्या सांभाळल्या, आता लष्कराच्या ट्रकांना जाग आणायची. आवारात एकतीस ट्रक तीन रांगांत उभे आहेत. टायरांना भेगा, आरशांवर कोळ्यांची जाळी, बॅटऱ्या ठार मेलेल्या. पंधरवड्यात एकेक चालू करून फाटकापर्यंत न्यायचा, तिथून दुसरं खातं ताब्यात घेणार.

हाताशी दोन चाकांचा पोर्टेबल जनरेटर आहे. जुना, पण ठणठणीत. तो ढकलत ट्रकशी न्यायचा, जाड केबलींचे चिमटे बॅटरीला लावायचे, काटा चोवीस व्होल्टवर स्थिरावला की बॉनेटवर दोन थापा मारायच्या. मग आत बसलेले ड्रायव्हरकाका सेल्फ मारतात. ट्रक खोकतो, काळा धूर ओकतो आणि सुरू होतो. आज चार केले.

काका साठीच्या पुढचे, लष्करातूनच निवृत्त. डाव्या हाताला तीन बोटं, पण स्टिअरिंगवर ती पाचांना भारी. आवाराचे प्रमुख म्हणजे साहेब, तेही निवृत्त अधिकारी. मला पाहून त्यांनी माझ्या मागे डोकावून विचारलं, बाई, मेकॅनिक कुठेय? मी म्हटलं, सकाळपासून तुमच्यासमोर उभा आहे बिचारा, चहासुद्धा मिळाला नाही. काका खाली बघून हसले.

आईला फोन केला. म्हणाली, तोंड जरा आवर तिथे. बघू.

५ मे

आज सात. मधल्या रांगेतल्या एकाच्या एअर फिल्टरमध्ये उंदरांचा संसार निघाला. काकांनी पिल्लं फडक्यात गुंडाळून भिंतीपलीकडे सोडली, मगच सेल्फ मारला.

ऊन असं की पाना हातात धरवत नाही. साहेबांच्या ऑफिसात मात्र कूलर. वीज गेली की ते जनरेटर मागवतात आणि आम्ही केबली धरून उन्हात बसतो. दोनदा झालं. दुसऱ्यांदा मी बोललेच. साहेब म्हणाले, गाड्या वीस वर्षं थांबल्यात, अर्धा तास थांबल्या तर मरणार नाहीत. काकांचा चेहरा एकदम उतरला. का ते विचारलं, तर उठून गेले.

७ मे

पहिल्या दोन रांगा काल संपल्या. वीसच्या वीस. आज तिसरी रांग, अकरा गाड्या. काका आत बसायला तयार नाहीत. चिमटे लावीन, केबल ओढीन, पण चढणार नाही, म्हणाले. मी चेष्टा केली. ते हसले नाहीत.

म्हटलं, ठीक आहे, चिमटे लावून मीच चढेन. काटा स्थिरावला. सवयीने बॉनेटवर दोन थापा मारल्या.

आतून सेल्फ लागला.

काका माझ्या शेजारी उभे होते, केबल त्यांच्या हातात होती. केबिनमध्ये कोणी नव्हतं. इंजिन सुरू झालं आणि चांगलं घुमू लागलं. मी दार उघडलं तर आतल्या बाजूने काचांवर बर्फ. बाहेर बेचाळीस अंश, आणि आत माझ्या तोंडातून वाफ निघत होती. इंजिन तापलं तसा बर्फ वितळून सीटवर ठिबकला.

शॉर्टसर्किट झालं असेल, असं मी काकांना सांगितलं. बर्फ कसल्या शॉर्टसर्किटने होतो, हे त्यांनी विचारलं नाही, एवढी त्यांची मेहेरबानी.

८ मे

दुसऱ्या गाडीच्या सीटखाली कागदाची चिठ्ठी सापडली. पेन्सिलीने लिहिलेलं: बॅटरी उतरली, हीटर बंद, जनरेटर मागितला, उत्तर नाही. खाली पुढची तारीख, पुन्हा तेच. पाच तारखा. शेवटची ओळ अर्धी.

बाकीच्या गाड्या शोधल्या. अकराही ठिकाणी चिठ्ठी आहे. अक्षरं वेगवेगळी, मजकूर एक.

काकांसमोर ठेवल्या, तेव्हा ते बोलले. वीस वर्षांपूर्वी हा ताफा बर्फात खिंडीत अडकला. अकरा गाड्या, अकरा चालक, आणि काका एका गाडीत जोडीदार म्हणून. वायरलेसवर रोज जनरेटर मागत होते. शेवटी काका दोन दिवस बर्फातून चालत तळावर आले. बोटं तेव्हाच गेली. तळावर जनरेटर होता. एका अधिकाऱ्याच्या बंगल्यावर दिवे लावत होता, पाहुणे आले होते म्हणून. अधिकारी म्हणाला, उद्या पाठवू. जनरेटर पोचला तोवर अकराही जण गोठून गेले होते.

तो अधिकारी म्हणजे आपले साहेब. जनरेटर हाच.

मध्यरात्र उलटली, डोळा लागत नाही. भीतीने नाही, संतापाने.

९ मे

चिठ्ठ्या घेऊन ऑफिसात गेले. साहेबांनी चष्मा लावून एकेक शांतपणे वाचली, टेबलावर ठोकून नीट गठ्ठा केला आणि पत्र्याच्या डब्यात पेटवून दिला. म्हणाले, चौकशी तेव्हाच झाली, चालकांचा निष्काळजीपणा ठरला, तुमचं काम केबल लावण्याचं आहे.

माझ्या तोंडून काय निघालं ते लिहीत नाही, आई वाचेल. पण एक ठरवलं. कागद त्याने जाळले, ही वही जाळू देणार नाही. इथून पुढे जे होईल ते होईल तसं लिहायचं, तिथल्या तिथे.

पाच गाड्या आज सुरू केल्या. पाचही वेळा आत कोणी नसताना सेल्फ लागला. मी आता थापा मारून नुसती उभी राहते. त्या माणसांची मला भीती वाटत नाही. ती वाट बघतायत, एवढंच.

१० मे

लिहवत नाही. तरी लिहिते.

चिठ्ठ्या जाळल्याचं कळल्यावर काका म्हणाले, आठवी गाडी माझ्या जोडीदाराची, ती मीच बाहेर काढणार. मी जनरेटर आणायला गेले तेवढ्यात ते चढून बसले. जनरेटर जागेवर नव्हता. ऑफिसात होता, कूलरला. दुसऱ्या खात्याची माणसं आली होती.

परत धावत आले तर काचा पांढऱ्या झालेल्या. दार उघडेना. पान्याने काच फोडायला गेले, ओरखडाही उठला नाही. आतून काका काचेवर तळवा फिरवत होते. तेवढ्याच जागेतून त्यांचा डोळा दिसला.

पुन्हा ऑफिसात. सांगितलं, माणूस गोठतोय. पाहुणे हसले. बाहेर बेचाळीस अंश. साहेब हसले नाहीत. त्यांना समजलं होतं, मी शपथेवर सांगते, त्यांना समजलं होतं. म्हणाले, बैठक संपली की घेऊन जा. मी केबल उपटली, तर दोन पहारेकऱ्यांनी मला धरून ठेवलं.

वीस मिनिटं.

मग जनरेटर आणून इंजिन सुरू केलं. दार आपोआप उघडलं. काका—

११ मे

काकांच्या मृत्यूचं कारण डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. उरलेली सगळी बोटं काळी पडलेली, आणि उष्माघात.

साहेबांचा अहवाल तयार. वाचला. वृद्ध चालकाचा निष्काळजीपणा. वीस वर्षांत नवा शब्दसुद्धा शोधावासा वाटला नाही.

आई म्हणते, आत्ताच्या आत्ता निघ. मी म्हटलं, तीन गाड्या राहिल्यात.

१२ मे, दुपार

साहेब एकटे आले. आणखी चिठ्ठ्या आहेत का, म्हणाले. मी केबल गुंडाळत राहिले. ते नवव्या गाडीत चढले, सीट उचकटू लागले. दार लागलं. वाऱ्याने नाही, वारा नाही.

काच पांढरी होते आहे.

हाक मारतायत. जनरेटर आण म्हणतायत. जनरेटर माझ्याजवळच आहे. मी त्याच्या ट्रॉलीवर बसून हे लिहिते आहे.

पाच मिनिटं झाली.

आता बाई नाही म्हणत. ताई म्हणतात.

आठ मिनिटं. किती बरं वाटतंय, हे लिहायलाच हवं. खोटं लिहायचं तर त्याच्या अहवालात आणि माझ्या वहीत फरक काय?

नाही. पुरे. मी त्याच्यासारखी होणार नाही. चिमटे लावते—

लावले. जनरेटर चालू केला. काटा चोवीसवर आला आणि जनरेटर बंद पडला. पुन्हा चालू. पुन्हा बंद. डिझेल भरलेलं आहे. कोणीतरी बंद करतंय. बटणावर हात दिसतो. तीन बोटं—

काका. काका, सोडा त्याला. असं तुम्ही कधी— उंदराची पिल्लंसुद्धा तुम्ही—

ते बघत नाहीत माझ्याकडे. मागे बाकीचे उभे आहेत. अकरा. सगळ्यांच्या भुवयांवर बर्फ. उन्हात.

मी विचारलं, काय केलं तर सोडाल. काकांनी दहाव्या गाडीचं दार उघडलं. एक तरी आत हवा, असं म्हणाले. पाहिजे तर त्याच्या जागी तू चढ, म्हणाले. मी म्हटलं माझा काय गुन्हा. तर एक जण पुढे आला, फार तरुण, म्हणाला आमचा तरी काय—

आतून साहेबांचा आवाज आता येत ना—

पेन धरवत नाही, बोटं गार पडली, तोंडातून वाफ निघतेय. मी अजून चढलेले नाही. लिहून ठेवते, मी चढलेले नाही, मी बाहेर आहे, उन्हात, दार तर मी अजून—