गाडी मिसिंग का मारते

७ जुलै, सोम.
गॅरेजातून परत तेच ऐकून आले. म्हणे वयनी, जुनी व्हॅन आहे, पावसाळी हवा आहे, थोडं व्हायचंच. थोडं? भाट्याच्या पुलावर मधोमध गाडी उचक्या द्यायला लागली. मागे एसटी भोंगा वाजवतेय, आत आंब्याची कलमं हिंदकळतायत. प्लग बदलून झाले, पेट्रोलचा फिल्टर झाला, आणि आता बशीरभाई मेकॅनिक मलाच विचारतो, क्लचवर पाय ठेवून चालवता काय. हा बशीर दुबईत होता तेव्हापासून चालवतेय मी.
त्याच्या हातात मुकाट चालते. माझ्याच हातात मिसिंग मारते. का पण?
संध्याकाळी ह्यांचा फोन. मुंबईत बसून निदान केलंन. गाडी म्हातारी झाली, विकू. मंडणगडचा एकजण २० ला, रविवारी बघायला येतोय. म्हटलं, मग नर्सरीतली कलमं गिऱ्हाईकांकडे डोक्यावरून नेऊ? तर म्हणाले, नर्सरी जाऊबाई बघतील, तू घरी बस.
मी आणि घरी.

८ मंगळ.
रिकामी गाडी मुद्दाम पावसात टाऊनला नेली. एक उचकी नाय. म्हणजे पाऊस नव्हे. वजन असेल.

१० गुरु.
वजनही नव्हे. खताच्या गोणी भरून आणल्या, घाटी चढली बिनबोभाट. कलमं भरली की मात्र. कलमांनी काय घोडं मारलंय हिचं? विचार करता करता भात करपला.

११ शुक्र.
आज कलमांसकट नेली. म्हटलं अशीच बघ, रिकामी नको. ब.भाईने पुढची सीट उलटली, इंजिन तिथेच खाली. चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढतो. काढली की आवाज पडतो, म्हणजे तो प्लग कामाचा. मधली काढली, आवाज होता तसाच.
“हा झोपलाय,” म्हणाला.
काढला तरी फरक पडत नाय तो आळशी. मला हे फार आवडलं. विचारलं, माणसांना लावता येईल काय हे.
“नको वयनी, घरात कोण उरायचं नाय.”
मधली वायर ओली होती. वर सीट, मग पाणी आलं कुठून?

१२ शनि.
जाऊबाई!
कलमं गाडीत भरून झाली की तांब्या घेऊन येतात, एकेकाच्या मुळाशी पाणी घालतात. रोज बघते मी, तरी दिसत नव्हतं. गाडी उताराला लागली की ते पाणी पुढे येतं आणि पत्र्याच्या फटीतून इंजिनवर.
म्हटलं अंगणातच घाला, मग भरू. नाय. “तहानलेलं झाड परक्याच्या जमिनीत रुजत नाय गो. निघताना पाणी द्यायचं. अंगणात दिलेलं ते निघतानाचं नव्हे.” वर हेही, की माझ्या पाण्याने गाडी बिघडते आणि तुझ्या हाकण्याने नाय?


१४ सोम.
खात्री पाहिजे होती. माझा फवारणीचा हातपंप घेऊन गेले. ब.भाईने शटर अर्धं ओढून काळोख केलान आणि चालू इंजिनच्या वायरींवर बारीक फवारा मारलान. मधल्या वायरीवरून निळी ठिणगी सरपटली. गोम जाते तशी. परत मार म्हटलं. परत. शेवटी तो कंटाळला, मी नाय.
वायर चिरलीय. ओली झाली की वीज तिथूनच बाहेर पळते, प्लगपर्यंत जातच नाय. एवढी वर्षं त्या सीटवर बसले, खाली हे चाललंय माहीत नव्हतं.
नवी वायर टाकली.

१५ मंगळ.
जाऊबाईंनी पाणी घातलं. मी अडवलं नाय. नवी वायर किती सोसते ते बघायचं होतं. पुलावर काही नाय. घाटीला मात्र एकदा, बारीकशी. मी गाणं बंद करून ऐकत राहिले, परत आली नाय. ब.भाई म्हणतो वायरींना वीज देणारी कॉइल असेल, नसेल पण. उद्या आणा.
चिडायला हवं होतं. उलट उद्याची वाट बघतेय.

१६ बुध.
ब.भाईकडे निघणार तोच ह्यांचा फोन. रविवारी माणूस येतोय, गाडी धुवून ठेव. मी सगळं सांगितलं, मधली वायर, ठिणगी, कॉइलचा संशय, म्हटलं गाडी म्हातारी नाय, आजारी आहे. ऐकून घेतलंन. मग म्हणाले, “तुला काय करायचंय एवढं? गाडी माझ्या नावावर आहे.”
आहे खरी. चालवते मी, पुलावर ढकलते मी, कागद ह्यांच्या नावावर.
मी म्हटलं, “मग माझ्या नावावर करा. रविवारी माणूस पाठवायचा नाय. करता की नाय ते शनिवारी दुपारच्या आत सांगा. हो नायतर नाय. बघू म्हणायचं नाय.”