समदी एकाच तोंडाची

आबा, तुम्ही गेल्यापासून सांगण्यासारखं बरंच साठलंय, पण आज राहवेना म्हणून लिहितो. आपल्या शहरातल्या संग्रहालयात दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन चित्रांचं प्रदर्शन लागलंय. मूळ चित्रं नव्हेत, भिंतभर मोठ्या छापील प्रती. शेवटच्या दालनात इथल्या चित्रकला शिक्षकांनी काढलेली आपापल्या गावची रानं लावलीत. त्यात एक माझं, आपल्या कळपाचं. म्हणून पाचोडहून नानांना घेऊन आलो. तुमच्या या धाकट्या भावाशिवाय तो कळप ओळखणारं आता कुणी उरलं नाही. चित्राचं मात्र त्यांना काही सांगितलं नाही.

चौथीत मी मेंढरं काढली होती. गुरुजींनी शाबासकी देऊन ते चित्र वर्गात टांगलं. घरी आणलं तेव्हा तुम्ही मेंढी कातरत बसलेले. कात्री न थांबवता एकदा पाहिलंत. "समदी एकाच तोंडाची. ह्यातली आपली कोंची? उद्या चुकली तर हुडकशील कशी?" एवढंच. त्या संध्याकाळपासून मी मेंढवाड्यात बसून एकेकीचं तोंड बघायला लागलो. इतकी वर्षं झाली, अजून बघतोच आहे म्हणा.

नाना काठी टेकत प्रदर्शनात हिंडत होते. एका चित्रात सोनेरी उजेडातले डोंगर, खाली नितळ पाणी. "पानी हाय, चारा हाय, आन् जनावर एक नाय. तिकडं राखाया कुनी नव्हतं व्हय?" शेजारच्या कॉलेजच्या मुली हसल्या. मग मेंढरांचं चित्र आलं. दिवस मावळतोय, झाडाखाली कळप. तसली संध्याकाळ मला जन्मात जमायची नाही. नाना बराच वेळ बघत राहिले. "उजेड लई भारी धरलाय गड्यानं. पर मेंढरं समदी एकाच तोंडाची."

आबा, तुमचेच शब्द, आणि पुढच्या दालनात माझं चित्र. मी मनात खंडोबाचं नाव घेतलं.

शेवटच्या दालनात नाना माझ्या चित्रापुढे थांबले. हळूहळू काठी वर गेली. "आरं, ही तर कानतुटी! ही काळतोंडी, माज्या लग्नात धोतराचा सोगा खाल्ला व्हता हिनं. आन् ही चांदी, तुज्या बापाची लाडकी!" पहारेकरी धावत आला. "बाबा, काठी लांब धरा." नाना त्यालाच म्हणाले, "आरं, आमचीच मेंढरं हायत ही!" मग माझ्याकडे वळून, "कुनी काढली रं?"

"मी, नाना."

ते माझ्या पाठीवर हात ठेवून पुन्हा चित्राकडेच बघत राहिले. मला तिथंच भंडारा उधळावासा वाटला.

निघताना नानांनी चित्राच्या कोपऱ्यातली एक मेंढी दाखवली. "ही भोरी. लांडग्यानं नेली बिचारी."

आबा, भोरी नावाची मेंढी मला आठवत नाही. कोपरा रिकामा दिसत होता, म्हणून ती मी मनानंच काढली होती. नानांना सांगितलं नाही. तुम्ही असतात तर मला लगेच पकडलं असतंत.