थेट विचारलं तरच

८ सप्टेंबर
नोकरी लागली! सत्तरीला टेकले आणि नोकरी लागली! मनोरुग्णालयातल्या नर्स-परिचारकांचं प्रशिक्षण आहे, त्यात खोटी पेशंट व्हायचं. जन्मभर नाटकात शेजारीण नाहीतर सासू. आता नायिका, आणि प्रेक्षक समोरच्या खुर्चीत घामाघूम.

भूमिका अशी — निवृत्त मास्तरीण. नवरा वारलाय. हसतमुख. जीव द्यायचं मनात घोळतंय, पण बोलत नाही. प्रशिक्षकबाईंनी बजावलं, "थेट विचारलं तरच हो म्हणायचं. आडून विचारलं तर हसून विषय बदलायचा." एवढंच? हे तर मी झोपेतही करीन.

९ सप्टेंबर
काय एकेक नमुने! एक नर्स म्हणाली, "तसलं काही नाही ना हो मनात?" — म्हणजे उत्तरही तीच देऊन मोकळी. दुसऱ्यानं पहाटे फिरायला जायचा सल्ला दिला. मी हसून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. दोघंही गार!

मग पैलवान आला. नाव मीच ठेवलं. वॉर्डातला परिचारक, दारात मावत नाही असा देह आणि आवाज मांजराचा. आल्या आल्या पाण्याचा ग्लास माझ्या हाताशी सरकवला. "जेवलात का, काकू?" विचारलं. खरा प्रश्न काही तोंडातून फुटेना. वेळ संपली. कान लालबुंद.

मला मेला फार आवडला.

११ सप्टेंबर
पैलवान गेल्या वर्षी ह्याच प्रश्नावर नापास झालाय. आता तातडीच्या मदतीचं नवं पथक निघतंय, त्यात जायला जीव टाकतोय. यंदा पास झाला नाही तर नाव कायमचं कटाप. "मग आहेच कोठीत चादरी मोजणं," म्हणाला.

घरी बायको सराव घेते म्हणे. हा ओट्यापाशी उभा राहून तिला विचारतो, "जीव द्यावासा वाटतो का?" ती म्हणते, "तुझे डबे घासताना रोज वाटतो." हसता हसता चहा नाकात गेला माझ्या! किती दिवसांनी हसले.

घरी आले नि सांगायला कुणी नाही. ताई असती तर तीनदा वदवून घेतलं असतं. नाटकात विंगेतून शब्द पुरवायची, घरात भांडणातही पुरवायची! चार महिने होतील आता. ताई, तू फार लवकर गेलीस गं.

१२ सप्टेंबर
जेवले नाही. भूमिकेत शिरलं की भूक मरते. होतं असं नटांचं.

१४ सप्टेंबर
सुट्टी. शेजारणीला बोलावून ताईच्या साड्या, माझा रेडिओ, चांगली पातेली, सगळं देऊन टाकलं. "अहो, रेडिओ तरी राहू द्या की!" म्हणाली. म्हटलं, "न्या हो, मला कुठं ऐकायचंय आता." घर कसं मोकळं झालं. झोप मात्र नाही.

१६ सप्टेंबर
पैलवान पुन्हा माझ्यापुढे. आज मी लबाडी केली. त्याला धागा मिळावा म्हणून आपणहून म्हटलं, "सगळं आवरून ठेवलंय हो. आता कुणाला त्रास नको." हे मला शिकवलेलं नव्हतं. कुठून आलं कोण जाणे. प्रशिक्षकबाईंनी मान वर केली.

तो बघतच राहिला माझ्याकडे. डोळे भरले त्याचे. आता विचारील, मग विचारील — छे! "काकू, तुम्ही राहता कुठं?" म्हणाला. अरे गाढवा! एवढं ताट वाढून दिलं, आणि तू पत्ता विचारतोस? उठून एक लगावावी असं वाटलं. बाईंनी शेरा दिला — प्रश्न टाळला.

रागानं पत्ता सांगून टाकला.

१८ सप्टेंबर
परीक्षा झाली. पैलवान पास!!

पण माझ्यापुढे नाही. त्याच्या वाट्याला दुसरा नट आला, तो दाढीवाला. दाराला कान लावून ऐकलं मी. स्वच्छ आवाजात विचारलं हो त्यानं, जराही न अडखळता. माझ्यापुढे दातखीळ आणि त्या दाढीपुढे पोपट! असा राग आला. आणि रडूही आलं, आनंदानं. गुणी आहे पोर. पथकात शोभेल.

सगळे फोटो काढत होते. मी कुणाला न सांगता निघून आले. उद्यापासून काम नाही. कशासाठी उठायचं, तेही ठरवायला नको.

१९ सप्टेंबर
दुपारी दार वाजलं. पैलवान! उंबऱ्यातच त्याला फैलावर घेतला — "माझ्यापुढे का नाही रे विचारलंस?"

म्हणाला, "वर्गात विचारलं असतं तर मास्तरीण हो म्हणाली असती, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मला तुम्हाला विचारायचं होतं, काकू."

मग आत आला, खुर्ची ओढून बसला, आणि विचारलं.

मी हो म्हटलं.

तो समोरच बसलाय. म्हणतो, लिहायचं तेवढं लिहा काकू, मग दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ. मी कुठं जात नाही.