संदेष्ट्यांची दुसरी ओळ

मंगळवार, अंबड

चर्चच्या पाळककाकांची बायबलमधल्या हिब्रू संदेष्ट्यांवरची पुस्तिका टाईप करताना, संदेष्ट्यांच्या वचनांतल्या, तीच गोष्ट पुन्हा सांगणाऱ्या सगळ्या दुसऱ्या ओळी मी चूक समजून उडवल्या. किती काळजीनं उडवल्या होत्या! आज काकांनी प्रुफं पाहून विचारलं, "निम्मं पुस्तक कुठंय?" काम जाणार आता?

पण ते हसायलाच लागले. "आई जेवायला कशी बोलावते रे तुला?"

"'ये जेवायला. ताटावर माश्या बसून राह्यल्यात.'"

"मंग पहिल्या हाकेला उठतो का?"

"न्हाई."

"लोकही उठत नव्हते. म्हणून संदेष्टे तेच पुन्हा, जास्त टोचून सांगायचे."

सगळ्या दुसऱ्या ओळी परत घातल्या. निघताना काका म्हणाले, "पुढची पुस्तिका तूच कर. दुसऱ्या कुणाला देणार न्हाई."

पहिल्या वाक्यानं जीव भांड्यात पडला. दुसऱ्यानं छाती फुगली.